गोल्ड की प्लॅटिनम? आधी कार्डावरचा विमाहप्ता पाहू

प्रश्न : मी 29 वर्षांचा असून सांगलीत लग्नांच्या व्हिडिओ एडिटिंगचे काम करतो. वर्षाची जमा साधारण 7,20,000 रुपये आहे. मंगल कार्यालयात सोबत नेता येईल असा लहान पीसी जुळवत आहे : रायझन 7 9700एक्स प्रोसेसर, आरटीएक्स 5060 टीआय ग्राफिक्स कार्ड (48,000), एकूण 1,35,000. त्यात 750 वॉटचा, प्लॅटिनम म्हणजे वीज वाचवण्याच्या वरच्या श्रेणीचा, एसएफएक्स (लहान आकाराचा) पॉवर सप्लाय (15,000) आणि लिक्विड कूलर (11,500) धरले आहेत. त्याऐवजी 650 वॉटचा, एक श्रेणी खालचा गोल्ड (9,500) आणि 67 मिमी उंचीचा एअर कूलर (4,500) चालेल का? खरेदी क्रेडिट कार्डावर करणार आहे. कार्डावर 1,40,000 बाकी आहेत, त्यांपैकी 60,000 विम्याच्या दुसऱ्या हप्त्याचे आहेत, पण दरमहा किमान रक्कम, 7,000, न चुकता भरतो. डिसेंबरच्या तिसऱ्या हप्त्यासाठी आतापासून दरमहा 5,000 बाजूला ठेवत आहे. 2,00,000 ची मुदत ठेव आईच्या आग्रहामुळे मोडायची नाही. पीसीवर 40 टक्के घसारा (वस्तूच्या झिजेपोटीची वजावट) मिळतो, म्हणजे तेवढा कर वाचेल ना?

उत्तर : स्वस्त जोडी घ्या. तुमच्या प्रोसेसरची मूळ सेटिंगमधील विजेची कमाल ओढ 88 वॉट आणि ग्राफिक्स कार्डाची 180 वॉट आहे. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे धरून आकडा सव्वातीनशेच्या आसपास जातो, आणि या कार्डासाठी त्याची निर्माती कंपनीसुद्धा 600 वॉटचाच पॉवर सप्लाय सुचवते. गोल्ड आणि प्लॅटिनम यांच्या कार्यक्षमतेत निम्म्या भाराला साधारण दोन टक्क्यांचा फरक असतो. 300 वॉटवर तो 7 वॉटांचा होतो; रोज आठ तास, वर्षाचे 300 दिवस काम केले तरी 17 युनिट आणि महाग दराने सुमारे 200 रुपये. जादा दिलेले 5,500 रुपये वसूल व्हायला सत्तावीस वर्षे लागतील. 88 वॉटची उष्णता 67 मिमीचा बरा एअर कूलर पेलतो. फक्त कॅबिनेटमध्ये तेवढी उंची आहे का आणि रॅमच्या उंच पट्ट्या त्याला अडत नाहीत ना, हे मोजून घ्या. लिक्विड कूलरचा पंप हा बिघडू शकणारा आणखी एक भाग आहे, आणि जो पीसी गाडीतून गावोगाव हिंडणार त्याच्यात तो मी बसवणार नाही. मात्र कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा बिननावाचा पॉवर सप्लाय कोणी गळ्यात मारू लागला, तर तो घेऊ नका. काटकसर करण्याची ती जागा नव्हे. तुमचे 12,500 रुपये वाचले.

आता जे तुम्ही विचारले नाही त्याकडे वळतो. क्रेडिट कार्डाच्या 3.5 टक्के मासिक दराने 1,40,000 वर दरमहा 4,900 व्याज आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5,800 रुपये जातात. तुम्ही ज्या 7,000 च्या नियमितपणाचा अभिमान बाळगता, त्यातले जेमतेम 1,200 मुद्दलात जमा होतात. वर्षाला 70,000 रुपये, म्हणजे अर्धा पीसी, तुम्ही बँकेला देत आहात. शिवाय बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्यामुळे या कार्डावर पीसी घेतलात तर पहिल्या दिवसापासून त्यावर व्याज चढेल.

त्याच वेळी 2,00,000 ची ठेव तुम्हाला वर्षाला तेरा-चौदा हजार मिळवून देते. आईंचा आग्रह मी समजू शकतो, पण त्यांना कार्डाचे विवरणपत्र दाखवा. ठेव मोडा, मुदतपूर्व मोडण्याचा तोटा फार तर दोनेक हजार होईल, आणि कार्ड एकरकमी फेडा. उरलेले 60,000 बचत खात्यात राहू द्या, कारण तुमच्या धंद्यात आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात आणि त्या चार महिन्यांचा घरखर्च यातूनच भागवावा लागेल.

विम्याबद्दल मला राग येतो तो तुमच्यावर नव्हे. पत्रासोबतच्या कागदानुसार 60,000 चे 12 हप्ते, म्हणजे 7,20,000 भरायचे आणि विसाव्या वर्षी 14,40,000 घ्यायचे. बँकेतल्या अधिकाऱ्याने ‘हमीने दुप्पट’ असे सांगितले, जे खरे आहे आणि तरीही दिशाभूल करणारे आहे, कारण या दुपटीचा वार्षिक परतावा पाच टक्क्यांच्या आतच बसतो. असा हप्ता पन्नास टक्क्यांच्या कर्जातून भरला गेला, आणि संरक्षण किती, तर 6,00,000. पॉलिसी नाकारण्याची 30 दिवसांची मुदत केव्हाच संपली आहे. तरीही हा हिशेब करून पाहा : भरलेले 1,20,000 पूर्ण बुडाले असे धरले आणि उरलेले दहा हप्ते पीपीएफमध्ये टाकले, तर आजचा 7.1 टक्के दर टिकल्यास त्याच वर्षी सुमारे 15,40,000 होतात. पीपीएफचा दर बदलतो आणि टर्म विमा (फक्त मृत्यूनंतर रक्कम देणारा) वेगळा घ्यावा लागेल, हे मान्य. पण 50 लाखांच्या टर्म विम्याला तुमच्या वयाला वर्षाला साधारण सहा ते नऊ हजार पडतात आणि आईंना खरा आधार त्याचाच असेल. म्हणून तिसरा हप्ता भरू नका. आता सोडल्यास किती मिळतील आणि हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप, म्हणजे कमी रकमेवर चालू, ठेवल्यास विसाव्या वर्षी किती, हे दोन आकडे विमा कंपनीकडून लेखी मागवा आणि टर्म विमा सुरू झाल्यावरच त्यातला एक मार्ग निवडा.

करबचतीची आशा सोडा. घसारा उत्पन्नातून वजा होतो, करातून नव्हे, आणि तुम्ही जमेच्या निम्मे उत्पन्न दाखवण्याच्या अनुमानित पद्धतीने विवरणपत्र भरता, तिच्यात घसारा आधीच धरलेला असतो. तुमचे करपात्र उत्पन्न 3,60,000; नव्या करप्रणालीत 4,00,000 पर्यंत कर नाही. जो कर लागतच नाही तो पीसीने वाचत नाही, आणि ‘कर वाचेल’ म्हणून विकलेल्या त्या पॉलिसीनेही वाचला नाही.

कार्डाचे 7,000 आणि हप्त्याचे 5,000 मोकळे झाले की दरमहा 12,000 उरतात. आता मे आहे; तुळशीच्या लग्नापर्यंत 72,000 साठतील. स्वस्त जोडीसह आणि ग्राफिक्स कार्ड वगळून तुमचा पीसी 74,500 ला पडतो. या प्रोसेसरमध्ये प्राथमिक ग्राफिक्स असल्याने तो त्यावर सुरू होईल. जड काम संथ चालेल, पण त्यासाठी तोवर जुना लॅपटॉप आहेच. ग्राफिक्स कार्ड हंगामाच्या पहिल्या दोन-तीन लग्नांच्या पैशांतून रोखीने घ्या. 650 वॉटचा पॉवर सप्लाय तेव्हाही पुरेल.