मेंदूतल्या फुग्यासाठी कॉइल किंवा स्टेंट टाकणं सुरक्षित आहे का, की कवटी उघडून केलेलं ऑपरेशनच बरं?

"डोकं उघडून केलं असतं तर कायमचं मिटलं असतं," हे माझा मोठा मामा अजूनही लग्नाकार्यात चारचौघांसमोर ऐकवतो. म्हणून हे उत्तर.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. कापूस वेचता वेचता माय डोकं धरून वावरातच बसली. "कोनं दगड घातल्यावानी झालं" म्हणाली आणि भडाभडा ओकली. गावात पित्ताचं इंजेक्शन मिळालं. मान ताठरली तेव्हा यवतमाळला सीटी स्कॅन केला, मेंदूभोवती रक्त दिसलं आणि रात्रीच नागपूर गाठलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूतल्या धमनीला आलेला फुगा (अ‍ॅन्युरिझम) फुटलाय, सुरुवातीच्या दिवसांतच पुन्हा फुटायची भीती जास्त. मांडीच्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी, म्हणजे कॉइल, फुग्याच्या आत भरू. मामा तोंडातला खर्रा थुंकून आला आणि म्हणाला, "ट्यूब पंक्चर झाली त ठिगळ आतून लावते का कोनी? उघडून चिमटा लावा. अन् या पोरीले काय इचारता?"

सही या पोरीनंच केली. माय आज चुलीवर भाकरी थापते.

मामाला आकडे कधी सांगता आले नाहीत, तुम्हाला सांगते. 2002 साली 'लॅन्सेट'मध्ये आयसॅट चाचणी छापून आली. फुगा फुटलेले 2143 रुग्ण, कुणाला कॉइल आणि कुणाला क्लिप (मामाचा तो कवटी उघडून लावायचा चिमटा) हे चिठ्ठ्या टाकल्यागत ठरवलेलं. वर्षभरानं मेलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून राहिलेले कॉइलवाल्यांत 23.7 टक्के, क्लिपवाल्यांत 30.6 टक्के. फुटलेला फुगा दोन्ही उपायांना जोगा असेल तर आधी कॉइलच. यात मला तरी वाद दिसत नाही.

नंतर मायचा एमआरआय ठरला तर मामा म्हणे, "डोक्यात लोखंड हाय, मशीन ओढून घेईन." अहो, प्लॅटिनमला चुंबक ओढत नाही! काय टाकलंय त्याचं कार्ड दवाखान्यात दाखवायचं, बस.

आता मामाच्या बाजूचं. (त्याला कुणी वाचून दाखवू नका.) कॉइल कधी कधी दबते, तोंडाशी फुगा पुन्हा भरतो, म्हणून तपासणीच्या चकरा चुकत नाहीत. आयसॅटमध्येही दुसऱ्यांदा उपचार कॉइलवाल्यांनाच जास्त लागले. शिवाय नळी फिरवताना फुगा फुटणं किंवा गुठळी होऊन लकवा मारणं, हे धोके आहेतच. मेंदूत रक्ताचा मोठा गोळा साचला असेल किंवा फुगा मधल्या धमनीच्या फाट्यावर असेल, तर उघडून क्लिप लावणं बरेचदा सरस ठरतं.

स्टेंटचं म्हणाल तर फ्लो डायव्हर्टर, म्हणजे विणलेली जाळीची नळी, फुगा लगेच बंद करत नाही. पाइपलाइन नावाच्या नळीला अमेरिकेत 2011 साली मंजुरी मिळाली. तिच्या मोठ्या फुग्यांवरच्या चाचणीत सहा महिन्यांनी सुमारे 74 टक्के फुगे पूर्ण बंद झाले होते, पण 5.6 टक्के रुग्णांना त्याच बाजूचा मोठा झटका आला किंवा मेंदूच्या कारणानं मृत्यू झाला. ती टाकल्यावर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने चुकवायच्या नाहीत. दाढ काढायची म्हणून कुणी गोळ्या बंद करा म्हटलं तरी आधी नळी टाकणाऱ्या डॉक्टरांना फोन. फुटलेल्या फुग्यात ही नळी सहसा टाळतात, ती याच गोळ्यांमुळे.

आणि हो, तुमचा फुगा फुटलेलाच नसेल तर आयसॅटचे आकडे तुम्हाला लागू नाहीत. लहान असेल तर बीपी ताब्यात ठेवून, बिडी-सिगारेट सोडून नुसतं लक्ष ठेवायलाही सांगतात.