सहा वर्षांची डिझेल गाडी, रनिंग एकदम कमी झालंय. ठेवू की विकू?

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं: गाडी सहा वर्षांची, १ लाख १० हजार किलोमीटर झालेली. पूर्वी महिन्याला दीड हजार किलोमीटर पळायची, आता काम घरूनच असल्यामुळे जेमतेम ३००. डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा दोनदा लागून गेला, क्लच जड झालाय, आणि गॅरेजवाला म्हणतोय की एवढा खर्च करण्यापेक्षा गाडीच विकून टाका.

पण या सगळ्यातलं मुख्य वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय: "बहुतेक फेऱ्या चार-पाच किलोमीटरच्याच असतात." वय, किलोमीटर, क्लच हे नंतर बघू. तुमच्या गाडीचा निकाल त्या एका वाक्यावर लागणार आहे.

मी यातून गेलेली आहे. नवीन ऑफिस घरापासून सहा किलोमीटरवर मिळालं तेव्हा मला कोण आनंद झाला! गाडीला झाला नाही. तीन-चार महिन्यांत समोर पिवळा दिवा लागला, डबीत ठिपके भरावेत तसं चित्र असलेला. गाडी तर नीट चालतेय, मग बघू सर्व्हिसिंगला, म्हणून मी आठवडाभर तशीच हाकली. एके दिवशी चढावर गाडीने जीवच टाकला. ॲक्सिलरेटर पार खाली दाबला तरी काटा वर सरकेना, मागून हॉर्नचा गजर. इंजिनने स्वतःला वाचवण्यासाठी ताकद कमी करून घेतली होती, हे मला नंतर कळलं.

झालं काय होतं, ते सांगते, कारण तुमच्याकडेही तेच चाललेलं असणार. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा १५ ते १८ पट दाबून इतकी तापवायची की डिझेल फवारल्याबरोबर पेट घेईल, असं ते काम. त्यामुळे ते इंधन काटकसरीने वापरतं, आणि उष्णता कमी वाया जात असल्यामुळे पेट्रोलपेक्षा उशिरा गरम होतं. जळताना काजळी मात्र होतेच. ती धुरातून बाहेर पडू नये म्हणून सायलेन्सरच्या वाटेवर मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी बसवलेली असते, तोच डीपीएफ. जाळी भरत आली की ती जाळून साफ करावी लागते, आणि त्यासाठी आत साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. गावातल्या गावात फिरताना धूर एवढा तापतच नाही. मग गाडीचा कॉम्प्युटर इंजिनात थोडं जास्तीचं डिझेल उशिरा सोडतो, ते पुढे जाऊन जळतं आणि जाळी तापते. हे काम पुरं व्हायला सलग दहा-वीस मिनिटं गाडी चालती हवी.

आणि आपण चार किलोमीटरवर जाऊन किल्ली फिरवतो.

ते साफसफाईचं काम सुरू असलं की ओळखता येतं. सिग्नलला उभं असताना आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) नेहमीपेक्षा किंचित वर असतो, ॲव्हरेज अचानक घसरलेलं दिसतं, आणि गाडी बंद केल्यावरही पुढचा पंखा घरघरत राहतो, जळकट वास येतो. पार्किंगमध्ये तो पंखा मी कितीतरी वेळा ऐकला होता. ऊन फार आहे, इंजिन तापलं असेल, असं वाटायचं. खरं तर मी दर वेळी साफसफाई अर्ध्यावर मोडत होते.

याची दुसरी बाजू डिपस्टिकवर, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर, दिसते. त्या उशिरा सोडलेल्या डिझेलपैकी थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. सलग चालणाऱ्या गाडीत त्यातलं बरंचसं उडून जातं, छोट्या फेऱ्यांच्या गाडीत साठत राहतं. माझ्या गाडीचं ऑइल सर्व्हिसिंगनंतर चार महिन्यांनी वरच्या खुणेच्याही वर गेलं होतं. ऑइल कमी न होता वाढलंय म्हणून मी चक्क खूश! मेकॅनिकने डिपस्टिक पुसून बोटांवर ऑइल चोळलं, माझ्या नाकापुढे धरलं. सरळ डिझेलचा वास. असं पातळ झालेलं ऑइल टर्बोला आणि बेअरिंगना खातं. उद्या सकाळी गाडी थंड असताना, सपाट जागेवर, एवढं एक बघाच.

(एक खुलासा. युरोपात २००९ पासूनच्या युरो ५ आणि भारतात एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ या प्रदूषण-नियमांच्या डिझेल मोटारींत डीपीएफ असतो. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत तो नाही, आणि अशा गाडीवाल्याने हे वाचून घाबरून जायचं कारण नाही.)

आता इंधनाचा हिशेब, कारण "पण डिझेल ॲव्हरेज किती देते!" हे घरातलं कोणीतरी म्हणणारच. डिझेल गाडीचं १८ धरा, तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीचं १४. पूर्वी तुम्ही वर्षाला १८,००० किलोमीटर चालवत होतात: १,००० लिटर डिझेल, नाहीतर सुमारे १,२८६ लिटर पेट्रोल. वर्षाला २८६ लिटर वाचत होते, डिझेल घेतल्याचं चीज होत होतं. आता ३,६०० किलोमीटर: २०० लिटर आणि २५७ लिटर. वाचतात ५७ लिटर. तेवढ्यात एक नवा इंजेक्टरसुद्धा (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) येत नाही.

मात्र हाच हिशेब उलटाही लागू पडतो. एवढ्या कमी रनिंगला कुठलीच नवी गाडी इंधनातून स्वतःची किंमत भरून काढणार नाही, मग ती पेट्रोल असो की इलेक्ट्रिक. त्यामुळे "नवीन घेतली की पैसे वाचतील" या भ्रमात राहू नका. या वापरात कोणती गाडी बिघडत राहील आणि कोणती राहणार नाही, एवढंच बघायचं आहे. महिन्याचे ३०० किलोमीटर जर दोन लांबच्या फेऱ्यांत होत असते, तर मी डोळे झाकून "ठेवा" म्हटलं असतं. तेच ३०० साठ-सत्तर फेऱ्यांत होतात, तेव्हा डिझेल गाडी घरात बसून आजारी पडते.

म्हणून माझं मत विकण्याकडे झुकतं. पण गॅरेजवाल्याच्या एका वाक्यावर नको, आधी दोन तपासण्या करून घ्या.

पहिली, स्कॅनर लावून डीपीएफचे आकडे वाचायला सांगा: काजळी किती, राख किती, आणि गेल्या काही वेळा साफसफाई किती किलोमीटरच्या अंतराने झाली. काजळी जळून जाते, राख जळत नाही. राख ऑइलमधून येते, आणि ती भरली की फिल्टर उतरवून धुवावा लागतो किंवा बदलावा लागतो. म्हणूनच डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल घालायचं असतं. १ लाख १० हजारावर राखेने फिल्टर भरणं सहसा लवकरच म्हणायचं, तुमच्या बाबतीत काजळीचाच संशय जास्त. तसं असेल तर मोकळ्या रस्त्यावर खालच्या गियरमध्ये, आरपीएम दोन-अडीच हजारांच्या वर ठेवून अर्धा-पाऊण तास चालवल्यावर फरक पडायला हवा.

दुसरी, इंजेक्टरची रिटर्न टेस्ट. ही मला फार आवडते, कारण यात मेकॅनिकवर आंधळा विश्वास ठेवावा लागत नाही. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला (न फवारलेलं डिझेल टाकीकडे नेणारी) एकेक पारदर्शक बाटली लावतात आणि इंजिन काही मिनिटं चालू ठेवतात. चारही बाटल्या सारख्या भरल्या तर काळजी नाही. माझ्या गाडीत तीन बाटल्यांत बोटभर डिझेल होतं आणि चौथी अर्ध्याच्या वर गेली होती. तो एक इंजेक्टर झिजला होता. खराब इंजेक्टर काजळी वाढवतो, म्हणजे फिल्टर कितीही धुतला तरी दिवा परत येणार. आधी फिल्टर बदलायला सांगून इंजेक्टरचं नावही न काढणारं गॅरेज असेल तर मी तिथून निघाले असते.

क्लचचं काम सांगण्याआधी फ्लायव्हीलबद्दल (इंजिन आणि क्लच यांच्यामधलं जड चाक) स्पष्ट विचारून घ्या. बऱ्याच डिझेल गाड्यांत ते दुहेरी असतं, आत स्प्रिंगा असतात, आणि प्लेटपेक्षा ते कितीतरी महाग. गाडी बंद करताना खालून खडखड आवाज येत असेल तर तेही गेलेलं असू शकतं. गियरबॉक्स उतरवून झाल्यावर हे कळलं, की तुमच्या हातात काही राहत नाही. टायमिंग बेल्टचंही बघा, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची चाल जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याचं. काही इंजिनांत चेन असते, पण बेल्ट असेल तर त्याला किलोमीटरची मर्यादा असते तशी वर्षांचीही असते. तो तुटला तर बहुतेक डिझेल इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, मग ठेवू की विकू हा प्रश्नच मिटतो.

तुम्ही राहता तिथले नियमही बघून ठेवा. लंडनमध्ये २०१९ पासून अल्ट्रा लो एमिशन झोन आहे, त्यात युरो ६ पेक्षा जुन्या डिझेल मोटारीला रोजचा आकार भरावा लागतो. दिल्ली परिसरात राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश दिला होता. कुठे वय बघतात, कुठे इंजिनची श्रेणी. तुमच्या भागात असं काही येऊ घातलं असेल तर गाडीची किंमत नियम लागू होण्याच्या आधीच उतरायला लागते.

गॅरेजवाला आणखी एक जालीम उपाय सुचवेल: फिल्टर आतून पोकळ करून टाकायचा आणि कॉम्प्युटरला तसं शिकवायचं, कटकट मिटली. कृपा करून करू नका. बहुतेक ठिकाणी ते बेकायदेशीर आहेच. शिवाय डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये, माणसात कॅन्सर घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय. चार किलोमीटरच्या फेऱ्या म्हणजे तो धूर आपल्याच दारात.

आणि "गेल्या वर्षीच चारही टायर नवीन घातले" वगैरे मनात आणू नका. झालं गेलं गंगेला मिळालं. पुढच्या दोन वर्षांत या गाडीला काय काय लागेल तेवढंच कागदावर मांडा.

मी काय केलं? आधी वर्षभर दर रविवारी सकाळी गाडीला मोकळ्या रस्त्यावर फिरवून आणलं, कुत्र्याला नेतात तसं. जायचं कुठेच नसायचं. दिवा लागला नाही, पण रविवार गेले आणि डिझेलही गेलं. शेवटी इंजेक्टर बदलून घेतला आणि रोज सव्वाशे किलोमीटर ये-जा करणाऱ्या एका ओळखीच्यांना गाडी विकली. दिव्याचं, ऑइलचं, सगळं खरं सांगितलं, बिलं दिली. त्यांनी भावात थोडी घासाघीस केली, ती मी करू दिली. तुम्हालाही असंच गिऱ्हाईक शोधावं लागेल. ज्याची रोजची धाव मोठी आहे त्याच्याकडे तुमची गाडी अजून बरीच वर्षं काढेल.

बदल्यात काय घ्यावं याबद्दल थोडक्यात: घरी चार्जिंगची सोय असेल तर छोटी इलेक्ट्रिक, तिला छोट्या फेऱ्यांचा काही त्रास नाही. नसेल तर चार-पाच वर्षं वापरलेली साधी पेट्रोल. कोरी गाडी पहिल्या काही वर्षांतच सगळ्यात जास्त भाव गमावते, महिन्याला ३०० किलोमीटरसाठी तो भार तुम्ही का उचलायचा? वर्षातून दोनदा लांब जायचं असेल तेव्हा भाड्याने घेता येते. मीही तेच करते.

क्लच तोवर ओढवत असेल तर ओढा, तपासण्या होईपर्यंत त्यात पैसे घालू नका. रिटर्न टेस्ट झाली की चारही बाटल्यांत किती डिझेल आलं ते इथेच खाली लिहा, मग इंजेक्टरचं काम करून विकायची की आहे तशी, ते बघू.