'मला ग्रामर कधीच जमणार नाही'

"एवढं पाठ करते, तरी इंग्रजी व्याकरणात मार्क जातात." सेमी इंग्रजीतल्या मुलांचे पालक ही तक्रार घेऊन सतत येतात आणि बहुतेकदा गाडी ॲडव्हर्बपाशी, म्हणजे क्रियाविशेषणापाशी, अडलेली असते.

नववीतल्या एका मुलीला व्याख्या घडाघडा येत होती. पेपरात मात्र तिने फ्रेंडली, लव्हली या विशेषणांना ॲडव्हर्ब ठरवलं होतं आणि 'ही रन्स फास्ट'मधलं फास्ट सोडून दिलं होतं. शेवटी 'ली' दिसलं की ॲडव्हर्ब, हा तिचा आडाखा. मी म्हटलं, शब्दाचं शेपूट बघू नकोस, त्याचं काम बघ. क्रियापदाला विचार : कसं? कुठे? कधी? किती वेळा? झाले मॅनर, प्लेस, टाइम, फ्रीक्वेन्सी. व्हेरी, टू, क्वाइट हे डिग्रीवाले 'किती' सांगतात आणि विशेषणाला किंवा दुसऱ्या ॲडव्हर्बलाही जोडून येतात.

समजलं तिला. तरी म्हणाली, "मॅडम, मला हे कधीच जमणार नाही. मी नेहमी चुकते."

"हेच इंग्रजीत लिही."

तिने लिहिलं : आय ऑलवेज मेक मिस्टेक्स.

"यात ॲडव्हर्ब कुठलं?"

"ऑलवेज. फ्रीक्वेन्सी. किती वेळा?"

"मग पेपर बघून सांग, किती वेळा?"

तिने मोजलं. दहापैकी सहा बरोबर. ऑलवेज खोडून समटाइम्स लिहिलं, मग पेन तसंच धरून विचारलं, "चार चुका म्हणजे समटाइम्स की ऑफन?" त्यावर आम्ही चांगला वाद घातला. व्याकरणाला घाबरणारी मुलगी एका ॲडव्हर्बसाठी भांडत होती!

परिस्थितीपेक्षा त्या परिस्थितीबद्दलचे आपले टोकाचे विचार जास्त छळतात, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस १९५५ पासून मांडत राहिले. माझं काम याच विचारावर उभं आहे. 'नेहमी' आणि 'कधीच' मुलांच्या मनात घट्ट बसतात, आणि बऱ्याचदा ते घरातूनच आलेले असतात.

म्हणून पालकांनो, "तू नेहमीच धांदरटपणा करतेस" हे आधी बंद करा. पेपर घेऊन शेजारी बसा, नेमका कुठला प्रकार चुकतोय ते शोधा. 'वर्क्स हार्ड' म्हणजे खूप मेहनत करतो आणि 'हार्डली वर्क्स' म्हणजे जवळजवळ काहीच करत नाही, अशा जोड्या घरच्याच माणसांवर वाक्यं करून घ्या. जागेचंही तसंच : ऑलवेज मुख्य क्रियापदाआधी येतं, पण ॲम-इज-आरनंतर. 'शी ऑलवेज कम्स लेट', पण 'शी इज ऑलवेज लेट'. एका बैठकीत एकच प्रकार घ्या, आणि जी उत्तरं बरोबर आली तीही तिलाच मोजू द्या.