रानमांजराने पाठ फाडलेली कोंबडी वाचेल का?

तुम्ही लिहिलंय, पहाटे खुराड्यात रानमांजर शिरलं, एक कोंबडी नेली, दुसरीची पाठ फाडली. ती मान टाकून कोपऱ्यात बसलीय आणि घरचे म्हणताहेत, कापून टाका.

आजच्या दिवस तरी थांबा. आमचं गाव यवतमाळकडचं, सांदवाडीच्या, म्हणजे परसाच्या, मागे लगेच झुडपं. आजवर माझ्याकडे अशा तीन कोंबड्या जखमी झाल्या, त्यातल्या दोन जगल्या. तिसरी जखमेने मेली नाही, माझ्या घाईने मेली. मलूल दिसली म्हणून मी चोच उघडून चमच्याने पाणी ओतलं. कोंबडीच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या अगदी मागेच असतं, पाणी सरळ आत गेलं. आजी दारातून ओरडत होती, "काहून तिले सतावतं? पडू दे अंधारात!" तिचंच खरं होतं.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं पाच मिनिटं दाबून धरा. दीड किलोच्या कोंबडीत रक्त जेमतेम १०० मिली, म्हणजे थोडं गेलं तरी तिला फार. मग कुटार (भुसा) अंथरून टोपल्याखाली ठेवा, वरून गोणपाट, आणि दोन-तीन तास कुणी डोकावायचं नाही. ऊब द्या असं सगळे सांगतात. थंडीत खरंय, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. पण आपल्याकडच्या मे महिन्यात बल्ब लावाल तर उष्माघाताने मरेल. तेव्हा सावली आणि ओलं गोणपाट.

ती सावरली की तपासा. पिसांवर फुंकर मारत जा, पिसं दुभंगतात आणि कातडी दिसते. फाटलेली पाठ भयंकर दिसते, पण बऱ्याचदा ती भरून येते. मला भीती वाटते ती पंखाखालच्या मोहरीएवढ्या भोकाची. मांजराच्या दातांतले जंतू तिथून खोल जातात. कातडी फुगून बोटाखाली पापडासारखी कुरकुरली, तर आतली हवेची पिशवी फुटली असू शकते. छातीवरच्या जखमेतून दाणे किंवा पाणी बाहेर येत असेल तर टाके लागतील. असं काही दिसलं तर वाट न पाहता पशुवैद्यकाला दाखवा. १९६२ वर फोन लावता येतो. अँटिबायोटिकही त्यांनीच वजनावरून ठरवावं, म्हणून आधी किराणा दुकानाच्या काट्यावर कोंबडी तोलून घ्या. घरातली माणसांची दुखण्याची गोळी देऊ नका. आणि औषध सुरू केलंत की कापून खायचा विषय काही दिवस बंद, किती ते डॉक्टरच सांगतील.

धुवायला एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात दीड सपाट चहाचा चमचा मीठ घ्या. जखमेभोवतीची पिसं कात्रीने कापा. उपटलीत तर कातडी आणखी फाटेल. वर बीटाडीन, काळ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून. आमच्याकडे हळद-खोबरेल लावतात, त्याला माझी हरकत नाही. रॉकेल आणि चुना मात्र कुणी कितीही सांगो, लावू नका.

आता माशा. पावसाळ्यात जखमेपेक्षा यांचीच धास्ती. कडेला तांदळाच्या बारीक कण्यांसारखा पांढुरका पुंजका दिसला की ती माशीची अंडी. उद्या त्याच्या अळ्या होतात. टोपल्यावर मच्छरदाणी टाका, सकाळ-संध्याकाळ जखम बघा. अळ्या दिसल्याच तर चिमट्याने वेचा आणि पुन्हा धुवा.

उथळ वाटीत गुळाचं पाणी ठेवा, ती स्वतः पिईल तेवढंच. सोबत शिजवलेल्या कण्या, चुरलेलं उकडलेलं अंडं. हिरवी पातळ विष्ठा दिसली तर पोट रिकामं आहे असं समजा. माझी एक कोंबडी तिसऱ्या दिवशी खायला लागली.

जखम लाल दिसते तोवर बाकीच्या कोंबड्यांत सोडू नका, टोचून टोचून मारतात. कातडी बुजली की आधी जाळीपलीकडे ठेवा, मग एका रात्री अंधारात त्यांच्याशेजारी बसवा. अंडी काही आठवडे विसरा.

तिला सोडवताना तुम्हाला दात किंवा नख लागलं असेल तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजच्या लसीचं विचारा. कोंबडीचं नंतर बघता येईल.

आणि खुराड्याची ती पातळ कोंबडीजाळी काढा. मांजर आज रात्री परत येईल, त्याला घर माहीत झालंय.