खणलं की तण दुप्पट का येतं?

गाजरगवत मुळासकट उपटलं, जमीन वीतभर खणली आणि पहिल्या पावसानंतर ते आधीपेक्षा दाट उगवलं, हे कसं, असं तुम्ही विचारलंय. थोडं बी बाहेरून आलंही असेल, पण बरंचसं तुमच्याच मातीत झोपलेलं होतं. कुदळीने ते उठवलं.

बारीक बियांच्या तणांकडे शिदोरी अगदी थोडी असते. खोलवर कोंब फुटला तर वर पोचण्याआधीच ती संपते. म्हणून अशा बिया आधी अंदाज घेतात: आपण किती खोल आहोत, डोक्यावर कोणाची सावली आहे का? मातीत उजेड जेमतेम काही मिलिमीटर शिरतो. बीमधलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य लाल प्रकाशाने (सुमारे ६६० नॅनोमीटर) रुजण्याच्या बाजूने वळतं आणि त्याच्या पलीकडच्या गडद लालाने (सुमारे ७३०) उलट फिरतं. हिरवी पानं पहिला शोषतात, दुसरा खाली सोडतात. दाट झाडोऱ्याखालच्या बीला त्यामुळे ‘थांब’ असाच निरोप मिळतो. १९५२ साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या शास्त्रज्ञांनी लेट्यूसच्या बियांवर हे दोन्ही प्रकाश आलटूनपालटून टाकले, तेव्हा शेवटी कुठला पडला त्यावरच निकाल ठरला.

माझी यात एकदा फजिती झाली. एका बारीक बियांच्या तणाचं बी ओल्या टिपकागदावर ठेवलं, एक बशी उघडी, दुसरी फॉइलमध्ये गुंडाळलेली. रोज रात्री फॉइल उकलून टॉर्च लावून कोंब मोजायचो. आठवड्याने दोन्हीकडे सारखेच! भिजलेल्या बीला काही सेकंदांचा उजेडही पुरतो, हे तेव्हा कळलं. कुदळीच्या एका फटक्यात माती उलटते तेव्हा नेमकं हेच होतं.

सगळ्या तणांना हा नियम लावू नका. जंगली ओटचं बी मोठं, ते अंधारात, बरंच खोलवरूनही वर येतं. गाजरगवतालाही उजेड सक्तीचा नाही, पण खोल गाडलेलं सहसा उगवत नाही.

तापमानाचा खेळ वेगळा. कित्येक तणांना ठरावीक अंशापेक्षा दिवस-रात्रीतला फरक महत्त्वाचा वाटतो. उघडी माती दुपारी तापते, पहाटे गार पडते. झाकलेल्या किंवा खोल मातीत हा चढउतार दबतो. म्हणजे वर रान मोकळं आहे, ही खबर बीला पुन्हा मिळते. गाजरगवत मात्र साधारण १० ते ३० अंशांत कुठेही रुजतं, ओल मिळाली की झालं. म्हणून ते एका हंगामापुरतं राहत नाही.

तेव्हा आता खणू नका. पाणी द्या, वरच्या थरातलं बी उगवू द्या आणि फुलं येण्याआधी खुरप्याने वरवर, दोनेक सेंटिमीटरच खरवडा. हातमोजे घाला, काहींना या झाडाची त्वचेला ॲलर्जी होते. पुन्हा ओल, पुन्हा खरवडणं, असं दोन-तीनदा.

कडक उन्हाळा असेल तर माती भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे कडा दाबून अंथरा. आधी भिजवायला विसरू नका, कोरडं बी उष्णता बरीच सोसतं, भिजलेलं लवकर मरतं. यात खालच्या थरातलं बी वाचतं, त्यामुळे प्लॅस्टिक काढल्यावर लागवडीसाठी हवा तेवढाच खड्डा करा, बाकी माती हलवू नका.