२० जणांचं ऑफिस, आतल्या केबिनमध्ये वायफाय तुटतं. बिझनेस अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलने जोडून छताला लावायचे वायफायचे डबे) घ्यावेत का?

हो, पण आधी प्रोव्हायडरच्या राउटरला केबलने लॅपटॉप जोडून वेग मोजा. तिथेही रडगाणंच असेल तर दोष लाइनचा आहे, नवे डबे लावून काही होणार नाही.

केबलवर ठीक असेल तर १,५००-१,८०० चौरस फुटांना, विटांच्या भिंती धरूनही, सहसा दोन पॉइंट पुरतात. ओमाडा, युनिफाय, एचपीईचे इन्स्टंट ऑन (आधीचं अरुबा), कुठलेही चालतील. वायफाय ६ वाले बघा. ब्रँडवरून वाद घालण्यापेक्षा पैसे वायरिंगवर घाला. प्रत्येक पॉइंटपर्यंत कॅट ६ नेटवर्क केबल ओढा आणि पीओई स्विच लावा (नेटच्या केबलमधूनच वीजही देणारा), म्हणजे छताला वेगळा प्लग लागत नाही आणि एका यूपीएसवर राउटर-स्विचसकट सगळं चालू राहतं. स्विच पोर्टला ३० वॉट देणारा (८०२.३ एटी) असावा. वायफाय पकडून पुढे फेकणारा रिपीटर मात्र नकोच: स्वस्तातले एकाच रेडिओवर घेतात नि देतात, वेग जवळपास निम्मा होतो.

घोळ होतो तो सेटिंगमध्ये. बसवणारा पॉइंटची सिग्नल पॉवर फुल ठेवून जातो, मग लॅपटॉप शेजारचा पॉइंट सोडून लांबच्यालाच चिकटून बसतो. मीडियम करा. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ यांपैकीच चॅनेल, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झवर ४० पुरे. दोन्ही पॉइंटना नाव-पासवर्ड एकच.

पाहुण्यांचं नेटवर्क वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच वायरिंगवरचं, पण ऑफिसपासून तोडलेलं नेटवर्क) टाका. टॅलीचा पीसी त्यांना दिसायचं कारण नाही. आणि जुन्या राउटरचं वायफाय बंद करा, ते बहुतेक जण विसरतात.