ग्रंथालयात खेळ, मग अभ्यास कधी?

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे पालकांची एक तक्रार ठरलेल्या शब्दांत येऊ लागते. "मॅडम, घरी आम्ही मोबाईल काढून घेतो आणि शाळाच ग्रंथालयाच्या तासाला खेळ मांडून देते. मग मुलांनी अभ्यास करायचा तरी कधी?" हे इतक्यांदा ऐकले की उत्तर एकदा लिहूनच काढावे असे ठरवले. त्यासाठी एका मुलाची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

सातवीतल्या या मुलाला आपण निखिल म्हणू. आईची तक्रार वरचीच होती, वर्गशिक्षिकेची मात्र निराळी: उत्तर येत असले तरी हा हात वर करत नाही आणि प्रकट वाचनाची पाळी आली की याच्या पोटात दुखते. पहिल्या दोन भेटींत त्याने मान हलवण्यापलीकडे दाद दिली नाही. तिसऱ्या भेटीत मी सहज विचारले, "ग्रंथालयात तुम्ही खेळता तरी काय?" "पँडेमिक," तो म्हणाला आणि पुढची दहा मिनिटे एकटाच बोलत राहिला.

2008 साली आलेल्या या पटावरच्या खेळात खेळाडू एकमेकांविरुद्ध नसतात. चार रंगांच्या ठोकळ्यांनी दाखवलेले चार रोग जगभर पसरत असतात आणि सर्वांनी मिळून त्यांवर औषध शोधायचे असते. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. पुढच्या भेटीला ग्रंथपालांच्या परवानगीने मी तो खोका मागवला आणि आईलाही पटाशी बसवले. (ही युक्ती माझी, आणि ती सुचल्याचे समाधान अजून ओसरलेले नाही.)

आईने आपली सोंगटी मुंबईतून भलतीकडेच वळवली. "आई, थांब. मुंबईत काळे तीन ठोकळे आहेत. चौथा आला की उद्रेक होणार आणि कराची, दिल्ली, चेन्नई तिन्हीकडे एकेक ठोकळा जाणार. दिल्लीत आधीच तीन आहेत!" आवाज कुठेही अडखळला नाही. तरीही आठवा उद्रेक झाला, आम्ही तिघेही हरलो आणि निर्णायक चाल निखिलचीच चुकली होती. तो हिरमुसेल म्हणून मी सावध झाले, पण तो शांतपणे ठोकळे रंगांनुसार वेगळे करू लागला.

"वर्गात चुकल्यावर वाटतं तसं आत्ता वाटलं का रे?"

"वर्गात चुकलो की सगळे माझ्याकडे बघतात," तो मान वर न करता म्हणाला. "इथे सगळे पटाकडे बघतात."

आईच्या हातातला पत्ता हातातच राहिला. मीही काही क्षण बोलले नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी भिस्त आहे, आणि कृतीचे मूल्यमापन करावे, माणसाचे करू नये, हे त्यांचे सूत्र मुलांच्या गळी उतरवायला मला एरवी महिने लागतात. पटाने ते काम पाऊण तासात केले होते.

म्हणून पालकांना माझे सांगणे असे, की खेळ आहे की नाही हे न विचारता चूक झाल्यावर तिथे काय होते ते विचारा. पडद्यावर घड्याळ पळवून खाली गुणांची क्रमवारी झळकवणारी प्रश्नमंजूषा निखिलसारख्या मुलासाठी तोंडी परीक्षाच असते, फक्त रंगीत वेष्टनातली. उलट माइनक्राफ्टची शैक्षणिक आवृत्ती वापरून चार मुले मिळून एखादा वाडा उभारत असतील आणि भिंत अशीच का बांधली हे शिक्षकांना समजावून सांगत असतील, तर तो व्हिडिओ गेम आहे एवढ्यावरून घाबरू नका. व्यसनाची भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराचे जे निकष दिले आहेत, त्यांत ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला प्राधान्य मिळणे आणि नुकसान दिसत असूनही, साधारणतः वर्षभर, तो चालूच राहणे अपेक्षित आहे. घंटा झाली की खोका बंद करून कपाटात ठेवणारे मूल त्यात बसत नाही. आणि घरी आल्यावर "कोण जिंकलं?" असे विचारण्याऐवजी "कुठे अडकलात?" असे विचारा.

निखिलचा आवाज वर्गात अजून बारीकच आहे. मात्र पाचवीच्या मुलांना नियमपुस्तिका मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम ग्रंथपालांनी त्याच्याकडे सोपवले आहे. चाचणीच्या गुणांत काही फरक नाही, असे आईने परवा फोनवर सांगितले आणि मग जरा चाचरत विचारले, "मॅडम, डॉक्टरची सोंगटी एका खेपेत एका रंगाचे सगळे ठोकळे उचलते ना? ह्यांना पटतच नाहीये."